घोलपांची सळई

"वृंदाताई, ते काय करतायत हो?" घराच्या मालकिणीनं, सुलभानं, मला कोपरानं ढोसलं.

मी वळून पाहिलं. आमचं गिऱ्हाईक, म्हणजे भांडुपहून घर बघायला आलेले शिवराम घोलप, परड्यात वाकून उभे होते. एक चार फुटी लोखंडी सळई त्यांनी कातळावर टेकवली होती, आणि तिच्या वरच्या टोकाचं लाकडी बोंड उजव्या कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले होते. देवाला कौल लावून माणूस उभा राहतो, तसे.

"ऐकतायत," त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी, पायरीवर बसल्या बसल्या सांगितलं.

"काय ऐकतायत?"

"खाली काय चाललंय ते."

सुलभानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी एकदमच तोंड फिरवलं. हसू आवरेना. कारण हा माणूस बहिरा होता. थोडाथोडका नव्हे, ठार. सकाळी एस्टीतून उतरल्यापासून मी घसा फोडून बोलत होते आणि ते गोड हसून मान हलवत होते. स्टँडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांना माझं म्हणणं कळलं, एक यांना सोडून.

ही गोष्ट २००८ सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा देवरूखला एस्टी स्टँडच्या मागे एका खोलीत 'घर-जागा मिळेल – वृंदा शेट्ये' अशी पाटी लावून बसायची. आधीची दोन वर्षं मुंबईची माणसं कोकणात घर घ्यायला अशी यायची, की मला दुपारी जेवायला फुरसत नसायची. मग मंदी आली. कुणाच्या नोकरीचं खरं नव्हतं, आणि भाव उद्या चढणार की पडणार, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक घर पसंत करायचं, चहा प्यायचं, 'थोडं थांबून बघतो' म्हणायचं आणि जायचं ते जायचंच. आठ महिन्यांत माझा एकही व्यवहार झाला नव्हता. नवरा रोज म्हणायचा, पाटी काढ, त्या खोलीत पिठाची गिरणी टाकू.

आणि मग घोलप आले. निवृत्त झालेले, मुलगी रत्नागिरीला दिलेली, म्हणून या बाजूला घर हवं होतं. भांडुपची खोली विकायला काढली तर तिचा भाव महिन्यामहिन्याला उतरत चालला. दोन घेणारे ठरवून पळाले. तिसरा कसाबसा टिकला, पण त्याची अट होती, एकतीस डिसेंबरला खोली रिकामी हवी, नाहीतर तोही चालला. आम्ही परड्यात उभे होतो तेव्हा अठरा तारीख होती. तेरा दिवसांत घर सापडलं नाही, तर हे नवराबायको सामानासकट रस्त्यावर.

सुलभाचीही अडचण होतीच. ती सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा गेलेला, मुलगी नववीत. तळेकोंडच्या उतारावरचं ते जांभ्या दगडाचं घर तिच्या नवऱ्यानं हौसेनं बांधलं होतं. घर मोठं नीटस, वरती लाल कौलं, पुढे सारवलेलं अंगण. खोट एकच. विहीर शिमग्याला तळ गाठायची. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सुलभा खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणायची. ड्यूटीआधी तीन खेपा, ड्यूटीनंतर तीन, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी. असे अकरा उन्हाळे काढून तिची मान एका अंगाला कायमची झुकली होती. आता घर विकून चिपळूणला भाड्यानं राहायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. घर दाखवायचं ते दसरा ते संक्रांत. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, डोंगर हिरवे असतात, आणि मुंबईच्या माणसाला नुसत्या हवेनंच भरून येतं. शिमग्यानंतर कुणी आलंच, तर 'मालक बाहेरगावी गेलेत, किल्ली नाही' असं सांगायचं. याला आम्ही खोटं बोलणं धरत नव्हतो. विचारलं नाही तर सांगायचं नाही, एवढंच.

सुलभाला मी आधीच पढवून ठेवलं होतं की, गिऱ्हाईक विहिरीजवळ आलं की बादली जोरात सोड, पाण्याचा आवाज झाला पाहिजे. तिनं सोडली. धपकन आवाज झाला. घोलप कठड्याशी आमच्या समोरच उभे होते, हिराबाई आत स्वयंपाकघर बघत होत्या.

"आवाज ऐकवायचा कुणाला?" सुलभा म्हणाली. "यांना ढोल वाजवला तरी कळणार नाही."

"बरंच आहे की," मी म्हटलं. "विहीर शिमग्यापर्यंत टिकली तरी पुरे. तोवर खरेदीखत होऊन जाईल. मग ते आणि त्यांची विहीर."

आवाज खाली करायची तसदीही मी घेतली नाही. घोलप आमच्याकडे बघून हसले, आम्हीही हसलो. मग त्यांनी कापडी खोळीतून ती सळई काढली.

"पालिकेच्या पाणी खात्यात होते," एव्हाना पायरीवर येऊन बसलेल्या हिराबाई सांगू लागल्या. "चौतीस वर्षं. रस्त्याखाली नळ कुठं फुटलाय ते सळई लावून ऐकायचं, हेच काम. वरून ट्रक चाललेत, खाली पाच फूट माती, आणि हा माणूस खडूनं फुली मारणार अन् म्हणणार, इथं खणा. फुली कधी चुकली नाही."

"पण काकू, त्यांना तर ऐकू..."

"बाहेरनं येत नाही. डॉक्टर म्हणला, कानातलं हाडूक धरलंय, आतली नस शाबूत आहे. सळई कवटीला लावली की मुंगी चाललेली ऐकू येते. माझं बोलणं तेवढं येत नाही."

घोलपांनी विहिरीच्या कडेला सळई टेकवली, क्षणभर थांबले आणि पुढे सरकले. तोंडावर काहीच दिसलं नाही. फणसाखाली टेकवली. गोठ्याच्या जोत्याशी टेकवली. मग परड्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं अळू माजला होता, तिथं टेकवली आणि तिथून ते हललेच नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तान्हं मूल झोपेत हसताना बघून माणसाचा होतो ना, तसा झाला. शेवटी खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी कातळावर फुली मारली आणि मला हातानं बोलावलं.

"शेट्येबाई, खाली पाणी आहे." ते हळू बोलायला गेले होते, पण बहिऱ्याचं हळू ते केवढं! नशीब, सुलभा आत चहा टाकायला गेली होती. "साचलेलं नाही. चालतंय. डोंगरातून येतंय आणि खाली ओढ्याकडं जातंय."

खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. पण तो क्षणभरच. लगेच माझ्यातली दलाल जागी झाली. सुलभाला हे कळलं तर ती भाव वाढवील, किंवा घरच विकणार नाही. बहिऱ्या माणसाच्या कानात कुजबुजता येत नाही, म्हणून मी पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलं: 'आत्ता बोलू नका. आधी विसार देऊन टाका. घर तुमचं झालं की पाणीही तुमचंच.' आणि पान फाडून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं. शब्दाशब्दाला ओठ हलवत, सावकाश. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं.

सुलभा चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"बाई," घोलप तिला म्हणाले, "पहार आहे का घरात?"

पायरीवर हिराबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं," त्या म्हणाल्या. "परत झालं."

"तुमच्या जागेत वाहतं पाणी आहे," घोलप सांगत होते. "वर हातभर कातळ आहे, त्याखाली मऊ, त्याखाली पोकळी. फार तर कमरेइतकं खणावं लागेल. विहीर काढणारा बारा हात चुकला."

सुलभा हसली. "काका, इथं पाणी असतं तर मी..." आणि तिथंच थांबली. अळवाकडे बघत राहिली. "वृंदाताई, हा अळू मे महिन्यातसुद्धा मरत नाही. मला वाटायचं, मोरीचं पाणी जात असेल." मग अगदी हळू म्हणाली, "पण मोरी तर त्या अंगाला आहे."

चहा तसाच राहिला. वाडीतून चिरेखाणीवर काम करणारे दोन गडी आले. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं, पण गेले नाही. अंगणात बसून मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला साकडं घातलं. काय मागितलं, तर खाली नुसता मुरूम निघू दे. एका बाईच्या दारात पाणी निघू नये, म्हणून मी देवीला नारळ कबूल केला. आज सांगायलाही लाज वाटते, पण मागितला तो मागितला.

बारा वाजता कातळ फुटला. दोनच्या सुमाराला मऊ लागलं. आणि तीन वाजता एका गड्यानं पहार मारली ती परत आलीच नाही. हातातून सुटून खाली गेली. तो गडी ओरडून मागे सरला. भोकातून गार हवा आली, ओल्या मातीच्या वासाची, आणि तिच्यामागून आवाज आला.

मी दहा-बारा हातांवर होते. मलाही ऐकू आला. ओढ्यासारखा खळखळाट नव्हता तो. दाट होता, एकसारखा होता, आणि कुणी वरती आहे की नाही याचं त्याला काही नव्हतं. त्या घरात माणसं जेवली होती, भांडली होती, सुलभाचा नवरा तिथंच गेला होता, आणि हे सगळा वेळ खालून असंच चाललं होतं. मी चप्पल काढून ठेवली. का काढली, मला ठाऊक नाही. गड्यांनी डोक्याची मुंडाशी काढली.

सगळ्यांना ऐकू आलं, एका घोलपांना सोडून. सळई ते पायरीवर ठेवून आले होते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते. एकेकाचं तोंड बघितलं, आणि मग समाधानानं मान हलवली.

दोरीला तांब्या बांधून सुलभानं आत सोडला. वर आला तो काठोकाठ. ती खड्ड्याच्या कडेला बसून घोटघोट प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं, आणि मग रडायला लागली.

"अकरा उन्हाळे," ती म्हणत होती. "अकरा उन्हाळे मी ओढ्यावर जातेय. आणि हे माझ्या पायाखालून जातंय."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि मला आधीच ठाऊक होतं ते म्हणाली.

"वृंदाताई, रागावू नका. मी आता घर विकत नाही."

ती घोलपांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं आणि सांगितलं, "आधी तोंड बांधून घ्या त्या खड्ड्याचं. जनावर पडेल."

परतीच्या रिक्षात मी धुमसत होते. पुढे घोलप मांडीवर सळई आडवी घेऊन बाहेरची झाडं बघत चालले होते. मागे मी आणि हिराबाई.

"काकू, तुम्ही तरी त्यांना थांबवायचं! आता एकतीस तारखेला कुठं जाणार?"

"मी थांबवणार?" हिराबाई म्हणाल्या. "नोकरीत असतानाची गोष्ट. एका बड्या माणसाच्या बंगल्याखाली चोरून घेतलेला नळ यानं ऐकला. साहेब म्हणाले, गप्प बस. हा बसला नाही. तीन वर्षं लांब तलावाच्या पंपावर टाकला, मी पोरीला घेऊन एकटी भांडुपला. परत आला तेव्हा म्हटलं, आता तरी शहाणा झालास का? तर मला म्हणतो, तिथलं पाणी छान वाजतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला राग येतो हो. लई येतो. पण काय करू, खोटं तर बोलत नाही ना."

त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला कळलं नाही. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, "आमची माडी रिकामी आहे."

घरी नवरा म्हणाला, "दलाली मिळाली नाही ती नाही, वर पाहुणे घेऊन आलीस. दुष्काळात तेरावा महिना." पण एकोणतीस तारखेला टेम्पो आला, तेव्हा कपाट माडीवर चढवायला पहिला खांदा त्यानंच लावला.

ते पाच महिने राहिले. जानेवारीत मी त्यांना दोन घरं दाखवायला निघाले, तर घोलपांनी मान हलवली. "घाई नाही. घर मे महिन्यात बघू." मी कपाळावर हात मारला. मे महिन्यात घर बघणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. भाव तोवर चढले तर? पण ते ऐकायला तयार नव्हते, आणि ऐकवायचं तरी कसं!

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, डोक्यावर ऊन घेत, आम्ही कुंभारवाडीला गेलो. घर साधंच, दोन खोल्या आणि पडवी. विहिरीत डोकावलं तर चार हात पाणी, भर उन्हाळ्यात निळंशार. घोलपांनी कठड्याशी सळई टेकवली, ऐकलं, आणि मग तिचं बोंड माझ्यापुढे केलं.

"तुम्ही ऐका."

मी कानामागे लावलं. आधी माझंच रक्त धडधडताना ऐकू आलं. मग त्याच्या खालून, फार लांबून, तो आवाज आला. बारीक, पण न थांबणारा. माझे डोळे आपोआप मिटले. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा गालांवर पाणी होतं आणि घोलप माझ्याकडे बघून हसत होते.

पाच महिने पोटात ठेवलेलं मी तेव्हा विचारलं. तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सावकाश, कारण तेवढं मी आता शिकले होते.

"काका, त्या दिवशी गप्प राहिला असतात, तर ते घर आणि ते पाणी तुमचं झालं असतं."

"हो की."

"मग?"

त्यांनी सळईचं टोक फडक्यानं पुसलं. "शेट्येबाई, तुम्ही त्या विहिरीवर काय म्हणाला होता? 'विहीर शिमग्यापर्यंत टिकली तरी पुरे. तोवर खरेदीखत होऊन जाईल. मग ते आणि त्यांची विहीर.'"

शब्द न् शब्द.

"वीस वर्षं झाली ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बहिरा माणूस सगळ्यांच्या तोंडाकडंच बघत असतो. तुम्ही अगदी समोर उभ्या होता."

"म्हणजे..." माझा हात तोंडावर गेला. मग आठवलं, ते ओठच वाचतात, आणि मी तो काढला. "आम्ही तुम्हाला फसवतोय, हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही तिला सांगितलंत?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "फसवत होता म्हणून काय? तिची मान बघितली नव्हती का तुम्ही? हंडे वाहून वाहून वाकलेली. पाणी तिच्या पायाखाली अन् ती ओढ्यावर जाते. मला ऐकू आलं. ऐकू आल्यावर गप्प कसं बसायचं?"

"राग नाही आला आमचा?"

"आला की! म्हणून तर म्हटलं, घर मेमध्ये बघू."

आणि एवढं बोलून ते मोठ्यानं हसले. पडवीतून हिराबाईंनी विचारलं, काय झालं? मी ओरडून सांगितलं, घर पसंत पडलं!

ते घर त्यांनी घेतलं. तिथं ते नऊ वर्षं राहिले. तळेकोंडला सुलभानं परड्यातल्या त्या पाण्यावरून नळ काढला, तो आज वाडीतल्या सहा घरांना जातो. तिच्या मानेला आता बराच आराम आहे. घोलप गेल्यावर हिराबाई मुलीकडे रत्नागिरीला गेल्या. जाताना सळई माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "मला काय ऐकायचंय आता." ती माझ्या खोलीत, पाटीखाली टांगलेली आहे. मी अधूनमधून लावून बघते. कधी येतं ऐकू, कधी नाही.

बाजार त्यानंतर दोनदा चढला, दोनदा पडला. डिसेंबरात मुंबईहून फोन येतात, हवा छान आहे, येऊ का? मी सांगते, मे महिन्यात या. निम्मे येत नाहीत. जे येतात त्यांना उन्हातून नेते, विहिरीत डोकावायला लावते, आणि विहिरीचं जे काय खरं असेल ते तिथंच, त्यांच्याकडे तोंड करून सांगते.